चेंडू वर थांबतो त्या क्षणी त्वरण शून्य का नसतं?

प्रश्न असा आहे. चेंडू सरळ वर फेकला तर सर्वांत वरच्या बिंदूला त्याचा वेग शून्य होतो. वेगच नाही म्हटल्यावर तिथे त्वरणही शून्य हवं, मग पुस्तकात ते ९.८ का दिलंय? आणि दुसरं, खाली येताना चेंडू जोरात येतो, तरी त्वरण ऋण का लिहितात? नववीत तर वेग कमी होतो तेव्हा त्वरण ऋण असतं, असं शिकवलं होतं.

अकरावीच्या सुरुवातीलाच हे दोन्ही प्रश्न तुला पडले, याचा मला खरंच आनंद झाला. बरीच मुलं सूत्रात आकडे घालून उत्तरं बरोबर आणतात आणि हा प्रश्न मनात तसाच दाबून पुढे जातात. मग बारावीत दोलनांचा (झोक्यासारख्या पुढे-मागे हालचालींचा) धडा येतो, तिथे वस्तू टोकाला क्षणभर थांबते नेमकं तेव्हाच तिचं त्वरण सर्वांत जास्त असतं, आणि सगळा डोलारा कोसळतो. तेव्हा इथे जरा वेळ काढू.

मूळ गोष्ट एकच आहे. वस्तू कुठे आहे (स्थान), ते स्थान किती भराभर आणि कोणत्या दिशेला बदलतंय (वेग), आणि तो वेग किती भराभर बदलतोय (त्वरण), या तीन वेगवेगळ्या राशी आहेत. एका क्षणी एकीची किंमत कळली म्हणून दुसरीची कळत नाही. स्थान शून्य असताना वेग कितीही असू शकतो, हे आपल्याला सहज पटतं. घरासमोरून जाणारी गाडी दारापाशी असते त्या क्षणी ती थांबलेली असते असं कोणी म्हणत नाही. वेग शून्य असताना त्वरण कितीही असू शकतं, हे मात्र पचत नाही. दोन्हींत तर्क तोच आहे.

ही चूक किती खोलवर असते याचा अभ्यास झाला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात ट्रोब्रिज आणि मॅकडरमॉट यांनी विद्यार्थ्यांसमोर दोन समांतर पन्हळींतून दोन गोळे सोडले. एक एकसमान वेगाने जाणारा, दुसरा जोरात निघून हळूहळू मंदावणारा. दुसरा पहिल्याला मागे टाकतो आणि नंतर पहिला त्याला परत गाठतो. दोघांचा वेग कधी सारखा होता, असं विचारलं. अनेकांनी उत्तर दिलं, दोघं एकमेकांच्या शेजारी आले तेव्हा. म्हणजे स्थान सारखं झालं की वेगही सारखा, असं मन परस्पर धरून चालतं.

मुंबईच्या लोकलने कधी प्रवास केला असशील तर हा प्रयोग तू आपोआप पाहिला आहेस. धीमी लोकल विक्रोळीहून सुटली, अजून वेग घेते आहे. शेजारच्या रुळावर मागून जलद लोकल येते. ती तुझ्या खिडकीशी येते त्या क्षणी दोन्ही गाड्यांचं स्थान सारखं आहे, पण वेग मुळीच सारखा नाही. तिच्या खिडक्या भराभर पुढे सरकताना दिसतात. इकडे तुझी गाडी वेग घेतच असते. मग त्या खिडक्या हळू सरकायला लागतात, आणि एक क्षण असा येतो की समोरच्या खिडकीतला चेहरा जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. दोन्ही गाड्यांचा वेग सारखा झाला तो हा क्षण, आणि तोवर जलद लोकल बरीच पुढे गेलेली असते. आता पुढे काय होतं ते बघ. तुझी गाडी अजून वेग घेत असेल, तर तो चेहरा मागे सरकायला लागतो. पुढे जाणारा चेहरा मंदावला, थांबला, मागे फिरला. तो थांबला त्या क्षणी तुझ्या गाडीचं वेग घेणं बंद पडलं होतं का? नाही. म्हणून तर तो पुढच्याच क्षणी मागे सरकला. चेंडूची गोष्ट हीच आहे, फक्त आडवी.

आता चेंडूकडे येऊ. गणित सोपं व्हावं म्हणून गुरुत्व त्वरण (g) ९.८ ऐवजी १० धरते. वर जाणारी दिशा धन मानू. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने वर फेकला. पहिल्या सेकंदाअखेर वेग १०, दुसऱ्याअखेर शून्य, तिसऱ्याअखेर उणे १०, चौथ्याअखेर उणे २०. उंची अनुक्रमे १५, २०, १५ आणि शून्य मीटर.

सगळा वाद दुसऱ्या सेकंदाच्या क्षणाबद्दल आहे, तर त्याच्या आजूबाजूला अगदी जवळून बघू. १.९ सेकंदाला चेंडूचा वेग सेकंदाला १ मीटर, वर. २.१ सेकंदाला तेवढाच, पण खाली, म्हणजे उणे १. मधल्या ०.२ सेकंदात वेग अधिक १ वरून उणे १ वर आला, म्हणजे बदल उणे २. त्याला ०.२ ने भाग, उणे १० येतं. अजून जवळ जाऊ. १.९९ सेकंदाला वेग अधिक ०.१, २.०१ ला उणे ०.१. बदल उणे ०.२, वेळ ०.०२, भागाकार पुन्हा उणे १०. कितीही जवळ गेलीस वा गेलास तरी भागाकार तोच. १.९९ सेकंदाला चेंडू सर्वोच्च बिंदूच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली असतो, आणि तिथेही वेग बदलण्याचा दर तसूभर कमी झालेला नसतो.

उलट विचार करून बघ. समजा, वर पोचल्यावर त्वरण खरोखर शून्य झालं. त्वरण शून्य म्हणजे वेग बदलणार नाही. वेग आत्ता शून्य आहे, तर पुढेही शून्यच राहील. म्हणजे चेंडू २० मीटर उंचीवर अधांतरी लटकून राहायला हवा. तो खाली येतो, हाच त्या क्षणी त्वरण असल्याचा पुरावा. भौतिकीच्या भाषेत कारण सांगायचं तर, पृथ्वी चेंडूला ओढते आहे, आणि चेंडू हलतोय की थांबलाय याच्याशी त्या ओढीचा काही संबंध नाही.

दोन्ही प्रश्नांना एकदम लागू पडणारा एक हिशेब सांगते. वाण्याकडे २,००० रुपये आगाऊ जमा ठेवले आणि दर महिन्याला १,००० रुपयांचा माल उचलला. महिन्याअखेरीची शिल्लक: १,०००, मग शून्य, मग उधारी १,०००, मग उधारी २,०००. शिल्लक शून्य झाली त्या महिन्यात माल उचलणं थांबलं नव्हतं. दर महिन्याचा बदल पहिल्यापासून शेवटपर्यंत उणे १,००० च आहे. आणि नीट बघ, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उधारीचा आकडा वाढत चाललाय, तरी बदल ऋणच आहे. शिल्लक म्हणजे वेग, महिन्याचा बदल म्हणजे त्वरण.

इथे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. नववीतलं वाक्य चुकीचं नाही, पण ते एका अटीवर खरं आहे: वस्तू ज्या दिशेला चालली आहे तीच दिशा धन मानली असेल तर. नववीत गाडी नेहमी पुढेच जाते, म्हणून अट सांगायची गरज पडत नाही. अकरावीत वस्तू मागे फिरते, आणि अट मोडते. आता नियम असा लक्षात ठेव: वेग आणि त्वरण यांचं चिन्ह सारखं असेल तर चाल (म्हणजे दिशा सोडून वेगाचा नुसता आकडा) वाढते, विरुद्ध असेल तर चाल घटते. एकट्या त्वरणाच्या चिन्हावरून काहीही ठरत नाही. वर जाताना चेंडूचा वेग धन, त्वरण ऋण, म्हणून चाल घटते. खाली येताना दोन्ही ऋण, म्हणून चाल वाढते. ड्रायव्हरने गाडी रिव्हर्समध्ये घेतली आणि ब्रेक दाबला, तर वेग ऋण आणि त्वरण धन. गाडी मंदावते आहे, तरी त्वरण धन.

आणि धन-ऋण हे निसर्गाने ठरवलेलं नाही, आपण ठरवलेलं आहे. खालची दिशा धन मानून अख्खं गणित सोडवलंस तरी चालतं. मग त्वरण अधिक १० आणि सुरुवातीचा वेग उणे २०. उत्तराला धक्का लागत नाही. फक्त एकदा ठरवलेली दिशा गणित संपेपर्यंत बदलायची नाही. वर जाताना एक दिशा, खाली येताना दुसरी, असं करणारी मुलं मी दरवर्षी बघते, आणि मग ‘g धन घ्यायचा की ऋण’ हा त्यांचा प्रश्न वर्षभर संपत नाही. वहीत गणित सुरू करण्याआधी कोपऱ्यात एक बाण काढून त्यावर अधिकचं चिन्ह टाकायचं. एवढी एक सवय लावलीस की अर्धा धडा सोपा होतो.

एका क्षणी वेग असतो म्हणजे काय, ही शंकाही यात दडलेली आहे. क्षणात चेंडू सरकतच नाही, मग वेग कुठून आला? हा प्रश्न फार जुना आहे आणि तो बाळबोध नाही. त्याचं उत्तर आकड्यांतच बघ. वरच्याच चेंडूचा १ सेकंदाचा क्षण घे, उंची १५ मीटर. १.१ सेकंदाला उंची १५.९५ मीटर, म्हणजे त्या ०.१ सेकंदातला सरासरी वेग ९.५. १.०१ सेकंदाला उंची १५.०९९५, सरासरी ९.९५. १.००१ सेकंदापर्यंतची सरासरी काढलीस तर ९.९९५. कालावधी लहान करत जावं तशी सरासरी एका ठरावीक आकड्याकडे सरकते, तो आकडा म्हणजे १०. त्यालाच १ सेकंदाच्या क्षणाचा वेग म्हणायचं. गणिताच्या तासाला ‘लिमिट’ आणि ‘डेरिव्हेटिव्ह’ सुरू होईल तेव्हा ते हेच असेल. दोन विषयांचे शिक्षक वेगळे असतात म्हणून मुलांना ते दोन वेगळे धडे वाटतात.

वेग कशाच्या प्रमाणात वाढतो, हे ठरवायला खुद्द गॅलिलिओलाही वेळ लागला होता. १६०४ मध्ये व्हेनिसचे विद्वान पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात त्याने असं धरलं होतं की पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. ऐकायला बरोबर वाटतं, नाही का? पण सुरुवातीला अंतर शून्य, म्हणून वेग शून्य. वेग शून्य म्हणून अंतर वाढत नाही. मग वस्तू पडायला सुरुवातच कशी करणार? नंतर त्याने हे सोडलं आणि वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, सारख्या काळात सारखा वाढतो, ही व्याख्या धरली. १६३८ साली लायडनला छापलेल्या त्याच्या ग्रंथात ती आहे. त्याच्याकडे सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं. त्याने पडणं मंद करण्यासाठी उतरत्या फळीला गुळगुळीत पन्हळ पाडली, त्यातून कांस्याचा गोळा सोडला, आणि भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तोलून वेळ मोजला. सारख्या कालखंडांत गोळ्याने कापलेली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात येतात, हे त्यातून निघालं.

तुझ्या खिशात त्याहून चांगलं साधन आहे, मोबाइलचा कॅमेरा. भिंतीला शिवणकामाची टेप उभी चिकटव, मोबाइल समोर कशाला तरी टेकवून स्थिर ठेव, आणि रबरी चेंडू टेपजवळून सोडून व्हिडिओ घे. बहुतेक मोबाइल सेकंदाला ३० चित्रं टिपतात, म्हणजे दर तिसरं चित्र ०.१ सेकंदाचं. एकेक चित्र थांबवून चेंडूची जागा लिहून काढ. ०.१ सेकंदाच्या लागोपाठच्या टप्प्यांत चेंडू साधारण ४.९, १४.७, २४.५, ३४.३ सेंटिमीटर पडलेला दिसेल. १, ३, ५, ७. प्रत्येक टप्प्यात आधीच्यापेक्षा ९.८ सेंटिमीटर जास्त. मोजमापात एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे होईल, हरकत नाही.

मग तोच चेंडू टेपला समांतर वर फेक, हातभरच. वर जातानाचं अंतर धन, खाली येतानाचं ऋण लिही. सर्वोच्च बिंदूच्या आसपास अधिक १४.७, अधिक ४.९, उणे ४.९, उणे १४.७ असे आकडे येतील. आता लागोपाठच्या आकड्यांतला फरक काढ: उणे ९.८, उणे ९.८, उणे ९.८. मधला फरक बरोबर वरच्या बिंदूवरचा आहे, आणि तो बाकीच्यांसारखाच आहे. चित्रं नेमकी वरच्या बिंदूवर न पडता अलीकडे-पलीकडे पडली तर आकडे अधिक १०, अधिक ०.२, उणे ९.६ असे काहीतरी दिसतील. फरक तरीही तोच. हे मी फळ्यावर कितीही समजावलं तरी पटत नाही, आणि स्वतःच्या वहीत असे तीन आकडे आले की पुन्हा विचारावं लागत नाही. प्लॅस्टिकचा हलका बॉल किंवा शटलकॉक मात्र घेऊ नकोस, हवेचा अडथळा सगळा हिशेब बिघडवतो.

व्हिडिओ जमत नसेल तर लांब फळी घे. दोन मीटरच्या फळीचं एक टोक दहा सेंटिमीटर उचललं, तर वरून सोडलेल्या गोटीला खाली यायला साडेतीन सेकंदांच्या आसपास लागतात. गोटी खालून वर ढकल, ती मंदावेल, थांबेल, परत येईल. इथे थांबण्याचा क्षण डोळ्यांनी नीट दिसतो, आणि ती तिथे विसावा घेत नाही हेही दिसतं.

एक सावधगिरी. काही मुलं मोबाइलमधला त्वरणमापक वापरून बघतात. फायफॉक्स नावाचं ॲप जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने त्यासाठीच बनवलं आहे आणि ते उत्तम आहे. पण मोबाइल टेबलावर स्वस्थ ठेवला तर ते ९.८ दाखवतं, आणि उशीवर पडेल असा हवेत सोडला तर पडत असताना जवळपास शून्य. नेमकं उलटं! घाबरून जाऊ नकोस. आतला मापक म्हणजे लवचीक आधारावर बसवलेला सूक्ष्म वजनाचा तुकडा. तो आधाराच्या तुलनेत किती सरकला, एवढंच त्याला कळतं. मोबाइल पडतो तेव्हा तुकडा आणि आधार दोन्ही सारखेच पडतात, तुकडा सरकत नाही, म्हणून शून्य. जमिनीच्या सापेक्ष त्वरण हवं असेल तर व्हिडिओवरच विश्वास ठेव.

आलेखांबद्दल थोडक्यात, कारण परीक्षेत गुण तिथेच जातात. स्थान-काल आलेख म्हणजे वस्तूच्या वाटेचं चित्र नव्हे. चेंडू सरळ रेषेत वर-खाली गेला, तरी त्याचा स्थान-काल आलेख कमानीसारखा येतो. त्या आलेखाचा चढ म्हणजे वेग, आणि कमानीच्या माथ्यावर चढ शून्य. वेग-काल आलेख मात्र सरळ तिरपी रेषा आहे: अधिक २० पासून निघते, २ सेकंदाला अक्ष ओलांडते, उणे २० ला संपते. अक्ष ओलांडताना ती वाकत नाही, अडखळत नाही. रेषेची उंची तिथे शून्य आहे, चढ शून्य नाही. तुझा पहिला प्रश्न एका रेषेत बघायचा असेल तर तो इथे आहे. अंतर आणि विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचा बदल) यांतला फरकही याच आलेखात आहे: अक्षाच्या वरचं क्षेत्रफळ २० मीटर, खालचं उणे २०, बेरीज शून्य म्हणजे विस्थापन, चिन्ह सोडून केलेली बेरीज ४० मीटर म्हणजे कापलेलं अंतर.

गतीची तीन समीकरणं तुला पाठ असतीलच. ती फक्त त्वरण एकसमान असेल तेव्हाच चालतात, हे समीकरणांच्या शेजारी लाल शाईने लिहून ठेव. लोकल स्टेशन सोडून पुढच्या स्टेशनात थांबते, त्या पूर्ण प्रवासाला एकच समीकरण लावता येत नाही. टप्पे पाडावे लागतात.

आता हे गणित कर, त्यात आत्तापर्यंतचं सगळं येतं. एक फुगा सेकंदाला ५ मीटर वेगाने सरळ वर चाललाय. जमिनीपासून ३० मीटरवर असताना त्यातून दगड सुटतो. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? ‘सुटला’ हा शब्द वाचून बहुतेक जण सुरुवातीचा वेग शून्य धरतात. पण सुटला त्या क्षणी दगड फुग्याबरोबर वरच चाललेला होता. वरची दिशा धन, म्हणून वेग अधिक ५, त्वरण उणे १०, विस्थापन उणे ३०. समीकरणात घातलं की काळाचा वर्ग वजा काळ वजा ६ बरोबर शून्य, असं येतं. उत्तरं दोन: ३ सेकंद आणि उणे २ सेकंद. दगड आधी अर्धा सेकंद वर जातो, सव्वा मीटर, मग फिरतो आणि सुटल्यापासून ३ सेकंदांनी जमिनीवर सेकंदाला २५ मीटर वेगाने आपटतो.

उणे २ हे उत्तर मुलं खोडून टाकतात. खोडू नकोस, त्याचा अर्थ लाव. समीकरणाला फुगा माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की शून्य क्षणी दगड ३० मीटरवर आहे आणि सेकंदाला ५ मीटर वेगाने वर चाललाय. असा दगड फुग्याशिवाय, जमिनीवरूनच फेकलेला असता, तर तो २ सेकंद आधी, सेकंदाला २५ मीटर वेगाने वर फेकावा लागला असता. उणे २ ला वेग किती येतो ते स्वतः काढून बघ, अधिक २५ च येईल.